ठासणीची जुनी बंदूक घेण्यापूर्वी

नागपूरहून अमरावतीस जाणाऱ्या रस्त्यावरील वाडीत बसून हातातील फोनवर आज नाना तऱ्हेच्या जुन्या वस्तू पाहता येतात. त्यांत एखादे वेळी ठासणीची शिकारी बंदूकही दिसते. ती जुनाट आहे, तेव्हा तिला परवाना कशास, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याची सूट दुरुस्तीनंतरही जे उडू शकत नाही, अशाच जुन्या शस्त्रास आहे. एरवी घेणाऱ्याजवळ परवाना आधी हवा. खासगी मालकास विकावयाची असल्यास त्याने घेणाऱ्याचे नाव व पत्ता अधिकाऱ्यांस लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावयाचे असते. शिवाय, परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मोकळीक मिळाली असे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला बंदी आहे.

दुसरा धोका नळीत असतो. दारू आणि गोळी तोंडाकडून ठासावयाची असल्याने ही बंदूक मागून उघडून पाहता येत नाही. पूर्वीच्या धन्याने भरलेला बार कोरडा राहिल्यास वर्षानुवर्षे जिवंत राहतो. म्हणून परवानाधारक कारागिराकडून ती तपासून घ्यावी. तो नळीत गज सोडून तोंडाशी खूण करतो आणि तोच गज बाहेरून नळीशी ताडून पाहतो. टोक बुडाच्या बरेच अलीकडे थांबले, तर आत बार आहे असे समजावे. तोवर नळीत डोकावू नये, चापास बोट लावू नये. जाहिरातीच्या चित्रात नळी दिसते, तिच्यातील बार दिसत नाही.