सुरतेच्या उन्हातले रंगीत टोमॅटो

सुरतेत गच्चीवरच्या टोमॅटोचं वर्ष सणांच्या हिशोबाने चालतं. गणपतीच्या दिवसांत बी ट्रेमध्ये पडतं, दसऱ्याच्या सुमारास रोपं मोठ्या कुंड्यांत जातात आणि मार्गशीर्ष लागला की पहिली फळं रंग धरू लागतात. खानदेशातून इथे येऊन स्थिरावलेल्या आमच्यासारख्या घरांत तुळस, कढीपत्ता, मिरचीच्या शेजारी टोमॅटो असतोच. अलीकडे मात्र बियांच्या पाकिटांवर पिवळे, केशरी, काळे, हिरव्या पट्ट्यांचे, जांभळे असे टोमॅटो दिसतात आणि घ्यावं तरी काय, असा प्रश्न पडतो. गच्चीवर काही हंगाम हे रंग वाढवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. आधी तो रंग फळात कसा तयार होतो ते बघावं, मग आपल्या उन्हात तो टिकेल का याचा विचार करावा, आणि पाकिटावरचं चित्र सर्वांत शेवटी पाहावं.

रंग समजून घ्यायला स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. पिकलेला लाल टोमॅटो अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरून साल सोलायची आणि ती उजेडासमोर धरायची. साल पिवळसर दिसते. लाल असतो तो आतला गर. गुलाबी म्हणून विकल्या जाणाऱ्या टोमॅटोची साल मात्र काचेसारखी पारदर्शक निघते. गर तोच लाल, पण वरचा पिवळा पडदा नसल्यामुळे फळ गुलाबी भासतं. पिवळ्या जातींत लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, जवळजवळ बनतच नाही. काही केशरी जातींत लायकोपीनचं बीटा कॅरोटीन होतं, तर काहींत लायकोपीनच वेगळ्या घडणीचं असतं. ‘काळ्या’ टोमॅटोत काळं असं काही नसतं. फळ पिकताना हरितद्रव्य निघून जायला हवं, ते तिथेच राहतं, त्यावर लाल चढतो आणि दोन्ही मिसळून विटकरी-तपकिरी छटा येते. १९९० साली टेनेसीतल्या एका माणसाने क्रेग लेहूलियर या बागप्रेमीला टपालाने बी पाठवलं आणि त्यातून ‘चेरोकी पर्पल’ जगभर पोचला. तो याच गटातला.

इथून पुढे सुरतेचं हवामान बोलू लागतं. तापमान ३० अंशांच्या वर गेलं की लायकोपीन तयार होण्याचा वेग मंदावतो, कॅरोटीन मात्र बनत राहतं. म्हणून फेब्रुवारी संपता संपता लाल जातीची फळंही देठाजवळ पिवळट राहतात आणि काळ्या जाती मळकट दिसू लागतात. पिवळ्या नि केशरी जातींना हा धक्का फारसा बसत नाही. होळीपर्यंत फळं हवी असतील तर भरवशाचे रंग हेच. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘पुसा गोल्डन चेरी टोमॅटो-२’ हे सोनेरी वाण या गटात बघण्यासारखं आहे. काळ्या जाती घ्यायच्या तर फळं डिसेंबर-जानेवारीत पिकतील असं वेळापत्रक बांधावं.

जांभळ्याची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने २०१२ साली ‘इंडिगो रोझ’ आणला. त्याचा जांभळा गुण चिली आणि गालापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोंकडून नेहमीच्या संकरातून आला. हा रंग सालीतच असतो आणि ऊन लागेल तिथेच चढतो. देठाखालची हिरवी पाकळी उचलून पाहिली तर तिच्या आकाराचा फिकट तारा फळावर उमटलेला दिसतो. म्हणजे जांभळ्याला ऊन हवं आणि त्याच फळाच्या लाल गराला गारवा हवा. यावर उपाय दिशेचा आहे. घोसाच्या पूर्वेकडची एखाद-दोन पानं काढायची, पश्चिमेकडची राखायची. सकाळचं ऊन रंग चढवतं, दुपारचं पानं अडवतात. आतला गरही जांभळा असलेला टोमॅटो याहून वेगळा. स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची जनुकं घालून तो ब्रिटनच्या जॉन इनेस सेंटरमध्ये तयार झाला. साध्या बियांच्या पाकिटावर तसा गर दिसला तर ते चित्र खरं मानू नये.

हिरवेच पिकणारे टोमॅटो त्यांनी लावावेत ज्यांना फळ हाताने ओळखायची सवय लावून घ्यायची आहे. टॉम वॅग्नर यांनी १९८३ साली आणलेला ‘ग्रीन झेब्रा’ पिकला की हिरव्या पट्ट्यांमधली जागा पिवळसर होते, पण खरी खूण बोटांना कळते. किंचित दाबल्यावर फळ मऊ लागलं पाहिजे.

रंगाइतकंच आकाराकडे लक्ष द्यावं. मोठ्या फळांच्या जातींना वेळ जास्त लागतो आणि रात्री उकाडा असला की त्यांची फुलं गळतात. सुरतेत ऑक्टोबरच्या रात्री उबदारच असतात. चेरी आकाराच्या जाती त्यातही फळ धरतात. काळाच रंग हवा असेल तर ‘चेरोकी पर्पल’पेक्षा ‘ब्लॅक चेरी’ कुंडीला जास्त मानवतो. पांढऱ्या माशीमुळे पानं आकसण्याचा रोग इथे सगळ्याच रंगांना गाठतो, म्हणून रोपं लहान असतानाच जाळीखाली ठेवावीत आणि पिवळे चिकट सापळे लावावेत. उन्हाळा जवळ आला की फळाने रंग बदलायला सुरुवात करताच ते तोडून घरात सावलीत पिकवावं. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, चव उतरते.

शेवटी कसोटी ताटात लागते. पिवळा टोमॅटो कमी आंबट असतोच असं नाही. चव साखर आणि आम्ल यांच्या प्रमाणावर ठरते. पिवळ्याचं सार सोन्यासारखं दिसतं. काळा शिजवला की त्यातलं हरितद्रव्य तपकिरी होतं आणि सार गढूळ दिसतं, तर जांभळा शिजवल्यावर फिका पडतो. हे दोन्ही कोशिंबिरीत कच्चेच खावेत.

बी घेताना पाकिटावर संकरित लिहिलंय की सरळ वाण, ते वाचावं. जपानच्या टोकिता कंपनीचा केशरी ‘सनगोल्ड’ फार गोड, पण तो संकरित. त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी तोच टोमॅटो मिळत नाही. सरळ वाणाचं बी गरासकट दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवलं की पुढच्या गणपतीला कामी येतं. ज्या झाडाने फेब्रुवारीतही फळ धरलं, त्याचंच बी राखावं.

पाच कुंड्यांची जागा असेल तर माझी वाटणी अशी: दोन पिवळे, एक केशरी, एक काळा किंवा जांभळा, आणि एक साधा लाल. लाल वगळू नये. त्याचं रूप आपल्याला पाठ असतं, त्यामुळे तो कसा पिकतो हे पाहूनच कळतं की बिघाड वाणाचा आहे की त्या वर्षीच्या उन्हाचा.