चार हजार सातशे अक्षरांची मर्यादा

2000 साली पीटर शायफले आणि सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींना त्यांनी न्यूरोलिजिन या प्रथिनाचे जनुक दिले आणि शेजारी चेतापेशी वाढू दिल्या. मूत्रपिंडाच्या पेशीला मेंदूशी काय देणेघेणे? तरीही चेतापेशींचे तंतू तिला येऊन भिडले आणि समोर दुसरी चेतापेशीच असावी अशा थाटात संदेशवाहक रसायनांच्या पिशव्या तिथे गोळा करू लागले.

चेतापेशींना एकमेकींशी जोडणारी अशी प्रथिने पुष्कळ आहेत : एनकॅम, एल-वन-कॅम, न्यूरेक्सिन, डीएसकॅम. त्यांच्यातला बिघाड महागात पडतो. एल-वन-कॅमचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यातल्या दोषाचा फटका मुख्यतः मुलग्यांना बसतो. मेंदूत पाणी साचते, अंगठे तळहातात वळतात. 2003 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील गटाने ऑटिझम असलेल्या भावंडांमध्ये न्यूरोलिजिनची बिघडलेली जनुके दाखवली.

बिघाड सापडला की तो तपासायचा कसा? मानवी जनुक, धड आणि बिघडलेले, दोन्ही चेतापेशीत घालून पाहायचे. पण प्रौढ चेतापेशी विभागत नाहीत आणि रासायनिक मार्गाने त्यांच्यात जनुक घालणे जिकिरीचे. विषाणूंचा तर तो पिढीजात धंदा.

सर्वांत लाडका विषाणू म्हणजे एएव्ही, अर्थात अडिनो-असोसिएटेड व्हायरस. 1965 मध्ये तो अडिनोव्हायरसच्या नमुन्यात उपऱ्यासारखा सापडला. त्याच्यामुळे माणसाला आजार होतो असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. कवच जेमतेम 25 नॅनोमीटरचे, आत सुमारे 4,700 अक्षरांचा डीएनए. हे कवच म्हणजे जेवणाचा डबा. चेपून भरला तर झाकण लागत नाही. एल-वन-कॅमचेच गणित मांडू. 1,257 अमिनो आम्लांसाठी जवळपास 3,800 अक्षरे. विषाणूची दोन्ही टोके ठेवावीच लागतात, ती मिळून 290. जनुक फक्त चेतापेशीत चालू व्हावे म्हणून सिनॅप्सिनचा प्रवर्तक, साधारण 470. उरली दीडशेच्या आसपास. त्यात जनुक संपल्याची खूण कशीबशी बसवायची. पेशी हिरवी चमकावी म्हणून जीएफपी जोडावे म्हटले तर त्याचीच सातशेवर अक्षरे! लांब न्यूरेक्सिन आणि डीएसकॅम यांचे नाव तर काढायलाच नको.

मग लेन्टिव्हायरसकडे वळावे लागते. या कामासाठी वापरतात त्या वाहकाचा मूळपुरुष एचआयव्ही. 1996 मध्ये लुइजी नाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी त्याचे घातक भाग काढून उंदराच्या मेंदूतल्या न विभागणाऱ्या पेशींत जनुक पोहोचवले. यात आठ-नऊ हजार अक्षरे मावतात. विषाणूचे आवश्यक भाग वेगवेगळ्या प्लाझ्मिडवर (डीएनएच्या छोट्या वर्तुळांवर) विभागून पेशींना देतात, म्हणजे पूर्ण विषाणू पुन्हा जुळत नाही. पण हा आपला माल यजमानाच्या गुणसूत्रातच रोवतो. कुठे रोवेल ते आधी सांगता येत नाही.

माझ्या मते खरी अडचण जागेची नाहीच. एनकॅमचे एकच जनुक, त्याच्या संदेशाच्या वेगवेगळ्या कापणी-जोडणीतून, 120, 140 आणि 180 या नावांची तीन मुख्य रूपे घडवते. न्यूरेक्सिनची रूपे तर हजारोंच्या घरात जातात. विषाणूतून सहसा यातले एकच जाते, तेही अनेकदा नैसर्गिक प्रमाणाच्या कितीतरी पट. चिकटवणारे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त झाले की पेशी चिकटणारच; त्यावरून मेंदूचा स्वभाव ठरवणे घाईचे. म्हणून ‘शास्त्रज्ञांनी ऑटिझमचे जनुक उंदरात घातले’ अशी बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी जरूर शोधा : कोणते रूप वापरले, किती प्रमाणात, आणि तुलनेसाठी त्या जनुकाविना तोच विषाणू दिला होता का?