शाईची कार्ट्रिज निवडतांना

घरांत प्रिंटर आणावयाचा म्हणजे गृहस्थ चार दुकानें हिंडतो, भाव विचारतो, शेजाऱ्यांचा सल्ला घेतो. पुढें त्या यंत्रांतील शाई मात्र नेमकी अडचणीच्या वेळीं संपते. उद्यां मुलाच्या प्रवेशाचा अर्ज द्यावयाचा असतो, आणि आज कागदावर फिकट रेघांपलीकडे कांहीं उमटत नाहीं. मग तोच चोखंदळ गृहस्थ घाईनें दुकान गांठतो व समोर येईल ती कार्ट्रिज उचलून आणतो. यंत्र घेतांना वांचविलेले पैसे अशा रीतीनें हळूहळू निघून जातात. यंत्र स्वस्तांत विकावें आणि नफा पुढें शाईवर मिळवावा, असा या धंद्यांत रिवाजच पडून गेला आहे. कित्येक लहान कार्ट्रिजमध्यें जेमतेम चमचाभर शाई असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ही निवड विचारपूर्वक कां करावयाची, तें सहज कळेल.

प्रथम यंत्राची जात ओळखली पाहिजे. शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर उडविणारा जो भाग, त्यास हेड म्हणतात. एचपी व कॅनन यांच्या अनेक स्वस्त यंत्रांत हें हेड कार्ट्रिजलाच जोडलेलें असतें. त्यांतील शाई क्षणार्धांत तापते, तिचा बुडबुडा होतो आणि तो पुढच्या थेंबास बाहेर ढकलतो. एचपीनें १९८४ सालीं बाजारांत आणलेल्या थिंकजेट यंत्रांत अशी हेडसकट बदलण्याची कार्ट्रिज होती. दुसऱ्या जातींत, म्हणजे एप्सन व ब्रदर यांच्या यंत्रांत, हेड यंत्रांतच कायमचें बसविलेलें असतें आणि कार्ट्रिज ही केवळ शाईची कुपी असते. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु पुढील बराचसा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

त्यानंतर क्रमांक पाहावा. जुन्या कार्ट्रिजवरील क्रमांक जसाच्या तसा उतरून न्यावा. अंदाजावर भिस्त ठेवूं नये. उदाहरणार्थ, एचपीच्या ८०३ व ८०५ या कार्ट्रिज ऐकावयास सख्ख्या बहिणी वाटतात, पण एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. कांहीं कंपन्या निरनिराळ्या देशांसाठीं निरनिराळ्या कार्ट्रिज काढतात. यामुळें परदेशांतील आप्तानें प्रेमानें आणलेली कार्ट्रिज येथील यंत्र स्वीकारीलच, असा भरंवसा धरतां येत नाहीं.

आतां किंमतीचा विचार. कार्ट्रिजच्या किंमतीस तिच्यांतून निघणाऱ्या पानांच्या संख्येनें भागावें, म्हणजे एका पानाचा खर्च निघतो. ही पानांची संख्या डबीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकांत दिलेली असते. ती आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें, ठराविक पांच पानांचा संच पुनःपुन्हा छापून ठरवितात. समजा, लहान कार्ट्रिज ८०० रुपयांस मिळते व १६० पानें छापते; मोठी, म्हणजे एक्सएल, १४०० रुपयांस मिळते व ४०० पानें छापते. पहिलींत पान ५ रुपयांस पडतें, दुसरींत साडेतीन रुपयांस. तेव्हां मोठीच घ्यावी, असें कोणीही म्हणेल.

पण येथें एक गोम आहे. शाई वापरल्यानें संपते, तशी न वापरल्यानें वाळते. ज्या घरांत महिन्यास दहाच पानें छापलीं जातात, तेथें ४०० पानें संपावयास तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट, उघडलेली कार्ट्रिज सुमारें सहा महिन्यांत संपवावी, असें कित्येक कंपन्या स्वतःच सांगतात. समजा, दोनशे पानांनंतर हेड चोंदलें, तर त्याच मोठ्या कार्ट्रिजचें पान ७ रुपयांस पडलें! शिवाय हेड साफ करतांना प्रत्येक वेळीं शाई खर्च होते, ती निराळीच. म्हणून रोज छापणाऱ्यानें मोठी घ्यावी, क्वचित् छापणाऱ्यानें लहान घ्यावी, आणि वर्षाकांठीं पांच-पंचवीस पानें लागणाऱ्यानें कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानांत जावें, यांतच शहाणपण आहे.

मूळ कंपनीची शाई घ्यावी कीं दुसऱ्या कोणाची स्वस्त, हा प्रश्न नेहमींचाच. ज्या कार्ट्रिजमध्यें हेड आहे, तिच्यांत पुन्हा शाई भरून पाहण्यांत धोका थोडा. बिघडली तर कार्ट्रिजच बिघडेल. मात्र ती ठार कोरडी होण्यापूर्वीच भरावी, कारण शाईवांचून तापलेलें हेड जळतें. जेथें हेड यंत्रांत आहे, तेथें वाईट शाई यंत्रच निकामी करूं शकते. म्हणून तेथें विश्वासाच्या दुकानाखेरीज स्वस्ताईच्या मागें लागूं नये. मूळ कंपनीचें खोटें नांव लावलेली शाई तर सर्वांत वाईट. उघडपणें दुसऱ्याच्या नांवानें विकली जाणारी तिच्याहून बरी.

अलीकडे कार्ट्रिजवर एक लहानशी चिप असते. ती आपल्याच कंपनीची आहे कीं नाहीं, हें यंत्र ओळखतें. सप्टेंबर १९१६ नव्हे, तर आपल्याच काळांतील १३ सप्टेंबर २०१६ ची गोष्ट: एचपीच्या कित्येक ऑफिसजेट यंत्रांनीं त्या दिवसापासून परक्या चिपच्या कार्ट्रिज एकाएकीं नाकारल्या. गिऱ्हाइकांनीं ओरड केली, तेव्हां कंपनीनें त्याच महिन्यांत दिलगिरी व्यक्त केली. तरी ही पद्धत बंद झाली नाहीं. म्हणून परकी कार्ट्रिज घेतांना, न चालल्यास परत घेण्याची कबुली दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावी.

नवीन यंत्रच घ्यावयाचें असेल, तर बाटलीनें शाई भरण्याच्या टाकीच्या यंत्रांचाही विचार करावा. एप्सननें तीं २०१० सालीं प्रथम इंडोनेशियांत आणलीं. यंत्र महाग, पण शाई पुष्कळच स्वस्त. अर्थात् रोजचें छापणें असेल तरच हा व्यवहार परवडतो.

कोणतीही शाई असो, आठवड्यांतून एकदां एखादें रंगीत पान छापावें, यंत्र त्याच्या बटणानेंच बंद करावें, आणि शाई फिकट होऊं लागतांच पुढची सोय पाहावी. आपल्या घरीं महिन्यास किती पानें लागतात, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास दुकानांत कोणी सहसा फसवूं शकत नाहीं.