कारखान्याबाहेरचे काडतूस : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या काडतुसाचे माप कोणत्याही कारखान्याच्या यादीत नाही, जे दुकानात तयार मिळत नाही, आणि जे एखाद्या शिकाऱ्याने अथवा बंदुका घडविणाऱ्या कारागिराने प्रचलित काडतुसाच्या पितळी पुंगळीला नवा आकार देऊन सिद्ध केलेले असते, त्यास अमेरिकेत वाइल्डकॅट काडतूस म्हणतात. त्यासाठी रायफल मुद्दाम घडवून घ्यावी लागते, आणि तिची काडतुसे घरच्या मेजावर, एकेक करून, स्वतःच्या हाताने भरावी लागतात. शिकारकथांच्या वाचनावर ज्यांचे कुतूहल पोसले आहे अशा वाचकांच्या मनात या विद्येविषयी जे समज रूढ आहेत, त्यांतील बहुतेक एक तर तिला खुळा नाद ठरवितात, नाही तर तिच्या अंगी अद्भुत सामर्थ्य कल्पितात. आणि दोन्हींमुळे तिचे खरे स्वरूप, म्हणजे मोजमापाची कठोर शिस्त, दृष्टीआड राहते.

हा केवळ रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, हा समज इतिहासापुढे टिकत नाही. चार्ल्स न्यूटन यांनी आखलेले .२५०-३००० हे काडतूस सॅव्हेज कंपनीने १९१५ मध्ये बाजारात आणले. त्याच पुंगळीची मान .२२ च्या गोळीपुरती आवळून हौशी मंडळींनी १९३० च्या दशकात जे काडतूस बनविले, ते जवळजवळ तीन दशके घरगुतीच राहिले, आणि १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने त्यास .२२-२५० या नावाने आपल्या पदरात घेतले. अमेरिकी सैन्याच्या .३०-०६ ची मान आवळून १९२० च्या सुमारास ए. ओ. नीडनर यांनी केलेले .२५-०६ कारखान्यात पोहोचण्यास १९६९ साल उजाडले. त्याच .३०-०६ ची मान उलट रुंद करून १९२२ मध्ये जन्मलेल्या .३५ व्हेलनला तर १९८८ पर्यंत वाट पाहावी लागली. आज जी काडतुसे शिकारी डोळे मिटून विकत घेतो, त्यांतील कित्येकांची प्रथम परीक्षा अशा रीतीने खाजगी कर्मशाळांतून, खाजगी खर्चाने आणि खाजगी जोखमीवर झालेली आहे.

आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल अशी एक शाखा येथे सांगण्याजोगी आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना जी .२७५ रिग्बी रायफल भेट मिळाली, तिचे काडतूस म्हणजे जर्मन बनावटीचे ७×५७ माउझरच होय; रिग्बी कंपनीने त्यास इंग्रजी रीतीचे नाव दिले इतकेच. पुढे अमेरिकेत नेड रॉबर्ट्स यांनी याच ७×५७ ची पुंगळी घेऊन तिची मान .२५ च्या गोळीपुरती आवळली, आणि तिच्यापासून निघालेले .२५७ रॉबर्ट्स १९३४ मध्ये रेमिंग्टनने प्रमाणित केले. कुमाऊँच्या जंगलात वाघांच्या मागावर गेलेली पुंगळी आणि अमेरिकेत हरणांच्या मागावर जाणारी पुंगळी या मुळात सख्ख्या बहिणी आहेत.

नवे काडतूस निघते ते केवळ अधिक शक्तीच्या हव्यासापायी, असेही मानले जाते. वास्तविक कारणे पुष्कळदा सरकारी असतात, आणि हिंदुस्थान हेच त्याचे ठळक उदाहरण आहे. .४५० मापाच्या गोळ्या सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान येथे त्या मापाच्या आयातीस मज्जाव केला. आणि मग विलायतेतील नामांकित पेढ्यांनी .४७०, .५००/४६५ अशी किंचित निराळ्या मापांची, परंतु जवळजवळ त्याच ताकदीची काडतुसे हत्ती-गव्यांच्या शिकारीसाठी काढली. आपल्याकडील .३१५ बोअरची रायफलही याच जातीच्या कायद्याची निपज आहे: .३०३ हे लष्करी माप नागरिकांस वर्ज्य असल्याने मूळच्या ऑस्ट्रियन ८×५० मॅनलिखर काडतुसास येथे नागरी जीवन लाभले. ही वाइल्डकॅट नव्हेत, कारखान्यांचीच अपत्ये आहेत. परंतु फर्मानाच्या एका ओळीने काडतुसाचा आकार बदलतो, हे त्यांवरून स्पष्ट व्हावे.

आता मुख्य विषयाकडे वळू. कारखान्यात तयार होणाऱ्या काडतुसाच्या पाठीशी एखादी प्रमाणसंस्था उभी असते. युरोपात १९१४ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे स्थापन झालेली सी.आय.पी., आणि अमेरिकेत १९२६ पासूनची एस.ए.ए.एम.आय. पुंगळीची लांबी-रुंदी किती, चेंबर, म्हणजे नळीतील काडतूस बसण्याची जागा, किती सैल असावा, दाबाची कमाल मर्यादा कोणती, हे सर्व तेथे दप्तरी नमूद असते. म्हणूनच एका देशातील काडतूस दुसऱ्या देशातील रायफलीत निर्धास्तपणे बसते. वाइल्डकॅटच्या पाठीशी असे दप्तर नसते. एकाच नावाची दोन वाइल्डकॅट काडतुसे दोन कारागिरांनी निरनिराळ्या रीमरने (चेंबर कोरण्याच्या हत्याराने) कोरलेल्या चेंबरांसाठी केलेली असू शकतात. एकाच्या मानेचा व्यास दुसऱ्याहून किंचित निराळा, एकाच्या खांद्याचा (मान जेथे रुंद अंगास मिळते त्या उताराचा) कोन दुसऱ्याहून अधिक. त्यामुळे मित्राच्या वहीतील दारूचे प्रमाण आपल्या रायफलीला चालेल, हा या क्षेत्रातील सर्वांत घातक गैरसमज होय. संस्थेने वाहावयाची सारी जबाबदारी येथे एका माणसाच्या शिरावर येते, आणि ती ज्यास पेलवत नसेल त्याने दुकानातले काडतूस घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नळी बदलली की नवी रायफल झाली, हा समजही असाच उथळ आहे. बोल्टचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचा) दर्शनी पृष्ठभाग आणि पुंगळीस चेंबरात आणखी पुढे सरकण्यास अटकाव करणारी जागा यांमधील अंतरास हेडस्पेस म्हणतात, आणि ते इंचाच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजतात. कारागीर पोलादाची दोन मापके वापरतो: एकावर बोल्ट पूर्ण मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. हे अंतर जास्त राहिले तर बार उडताच पुंगळीच्या पुढच्या पातळ भिंती चेंबरास घट्ट चिकटतात, जाड बूड मात्र मागे रेटले जाते, आणि बुडाच्या किंचित वर पितळ ताणले जाते. अशी पुंगळी उजेडात धरली की तेथे एक बारीक चकचकीत कडे दिसते. टोक वाकविलेली तार आत घालून भिंतीवरून हलकेच ओढली तर नेमक्या त्याच जागी ती खाचेत अडखळते. ती पुंगळी पुन्हा भरली तर तेथूनच तुटण्याचा संभव असतो, आणि तप्त वायूला मग नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने वाट मिळते. विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की रायफल निर्दोष असूनही हा दोष घरी उत्पन्न करता येतो. वापरलेली पुंगळी पुन्हा मापात आणताना साच्यात गरजेपेक्षा जास्त दाबून खांदा मागे सारला की झाले.

वेगाविषयीचा भ्रम सर्वांत लोकप्रिय आहे, आणि तो पी. ओ. अ‍ॅक्ली यांच्या नावाशी जोडला गेला आहे. १९०३ मध्ये जन्मलेले हे कारागीर कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथील महाविद्यालयात बंदूक घडविण्याची विद्या शिकवीत. निरनिराळ्या सैन्यांच्या रायफली मुद्दाम फुटेपर्यंत वाढत्या दाबाने उडवून त्यांनी त्यांची मजबुती तपासली, आणि सर्वत्र हलकी समजली जाणारी जपानी अरिसाका त्या कसोटीत अपूर्व बळकट ठरली. त्यांच्या ‘सुधारित’ काडतुसांत पुंगळीच्या अंगाचा निमुळतेपणा कमी करून खांदा बहुधा ४० अंशांचा करतात; मूळ .३०-०६ चा खांदा साडेसतरा अंशांचा आहे. मूळ काडतूस या नव्या चेंबरात उडविले की पितळ फुलून नवा आकार घेते. त्यासाठी नळी इंचाच्या सुमारे चार हजारांश भागाने मागे बसवावी लागते, म्हणजे मूळ काडतूस मान-खांद्याच्या सांध्यावर घट्ट अडते. ही पायरी गाळली की वर सांगितलेला हेडस्पेसचा दोष हटकून येतो.

परंतु पुंगळी मोठी झाली म्हणजे वेगही त्याच प्रमाणात वाढतो, हे खरे नव्हे. दाब तोच ठेवला, तर पोटातील जागा जितके टक्के वाढेल त्याच्या साधारण एक चतुर्थांश टक्के वेग वाढतो, असा या विद्येतील जुना आडाखा आहे. जागा आठ टक्क्यांनी वाढली तर सेकंदास २,८०० फुटांचा वेग सुमारे २,८५६ फुटांवर जाईल; हरणास अथवा शिकाऱ्यास हा फरक जाणविण्याचे कारण नाही. मग अद्भुत वेगांच्या ज्या कथा प्रचलित झाल्या त्या कोठून आल्या? त्यांतील पुष्कळशा वेग मोजणारे क्रोनोग्राफ घरोघर येण्यापूर्वीच्या अंदाजांतून, आणि उरलेल्या बहुतांश, मूळ काडतूस जुन्या रायफलींच्या मुरवतीखातर सौम्य भरले जात असताना सुधारित काडतूस मात्र कितीतरी अधिक दाबावर भरले गेले, यातून. या आकाराचा खरा लाभ निराळाच आहे: पितळ मानेकडे कमी सरकते, पुंगळी कमी लांबते, आणि तिची मान वारंवार कापावी लागत नाही. फार मोठ्या पोटाच्या आणि अरुंद नळीच्या काडतुसांत तर वेगाची किंमत नळीच्या घशातील पोलाद चुकवते. ते लवकर झिजते.

दाब डोळ्यांनी ओळखता येतो, असे सांगणारे अनुभवी लोकही आढळतात. .३०-०६ साठी प्रमाणित कमाल सरासरी दाब प्रतिचौरस इंच ६०,००० पौंड आहे, आणि तो खास उपकरणावाचून मोजता येत नाही. प्रायमर (पुंगळीच्या बुडातील ठिणगी पाडणारी टोपी) चपटा झाला की नाही, हे त्याच्या धातूच्या कठीणपणावर आणि चेंबरच्या मापावरही अवलंबून असते. बोल्ट जड उघडू लागतो तोवर मर्यादा बहुधा केव्हाच ओलांडलेली असते. त्यापेक्षा क्रोनोग्राफ हा अधिक विश्वासू साक्षीदार होय: अपेक्षेहून अधिक वेग म्हणजे अपेक्षेहून अधिक दाब, असे समजून तेथेच थांबावे. हवामानही हिशेबात धरावे लागते; मोंटानाच्या हिवाळ्यात निर्धोक ठरलेले प्रमाण आफ्रिकेच्या उन्हात तसेच राहील याची हमी नाही. याच्या उलट, दारू कमी भरली की धोका नाही, हाही भ्रमच. मंद जळणाऱ्या दारूचे प्रमाण नेमून दिलेल्या किमान मर्यादेखाली नेऊ नये, असे काडतुसे भरण्याच्या पुस्तिका निक्षून बजावतात, कारण अर्धवट भरलेल्या पुंगळीत तिचे ज्वलन बेभरवशाचे होते.

घरी काडतुसे भरल्याने पैसा वाचतो, या समजाबद्दल फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. मुद्दाम घासून घेतलेला रीमर, त्याच्याशी जुळणारे साचे, आणि पुंगळ्यांना आकार देण्यातच खर्ची पडणारी दारू, गोळ्या व नळीचे आयुष्य यांचा जमाखर्च कोणीही मांडून पाहावा.

राहता राहिला मारकशक्तीचा प्रश्न. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, आणि त्यांतील बरेचसे कॉर्बेटच्याच ७×५७ ने, हे खरे आहे. पण त्यावरून लहान काडतूस पुरेसे असते असा निष्कर्ष काढणे, आणि प्रचंड काडतूस नेमाची चूक भरून काढते असे मानणे, ही दोन्ही सारखीच अविवेकाची लक्षणे होत. हत्तीची कवटी आतून कशी असते याचा बेलने बारकाईने अभ्यास केला होता, आणि हस्तिदंतासाठी चाललेला त्याचा तो व्यवसाय आज कोणी अनुकरणीय मानू नये. शिकारीस जेथे परवानगी आहे तेथील कायदे म्हणूनच किमान मर्यादा घालतात. कोलोरॅडो राज्यात मोठ्या जनावरांसाठी रायफल निदान .२४ मापाची असावी लागते. जखमी होऊन रानात निसटलेल्या जनावराचे हाल कोणत्याही वेगाने माफ होत नाहीत, आणि ज्या अंतरावरून आपली गोळी खात्रीने हृदय-फुप्फुसांत बसते, तेच आपल्या रायफलीचे खरे अंतर समजावे.

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा मार्ग जवळजवळ पूर्णतः बंद झाला, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून शस्त्र अथवा दारूगोळा तयार करणे वा शस्त्रात फेरबदल करणे हा गुन्हा आहे. तेव्हा येथे हा विषय केवळ ज्ञानापुरता. ज्या मराठी वाचकाच्या हाती परदेशी, तेथील कायद्याच्या चौकटीत, अशी रायफल आली असेल, त्याने काडतुसाचे नाव नळीवर ठळक कोरले आहे याची खात्री करावी, रीमरचा आराखडा आणि दारूच्या नोंदी जपून ठेवाव्यात, आणि रायफल दुसऱ्याच्या स्वाधीन करताना हे सर्व दप्तर तिच्यासोबत द्यावे.