गंगाधरपंतांच्या खिशातले पान

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा शाळेत असताना वाचली, तेव्हा मला तिच्यात एकच गोष्ट दिसली होती: आपण जिंकलो. विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली आणि अब्दाली हरला. गेल्या वर्षी भाची अकरावीचे 'हॉर्नबिल' घेऊन आली. त्यात हीच कथा 'द ॲडव्हेंचर' या नावाने, संक्षिप्त इंग्रजी रूपात धडा म्हणून आहे. तिने विचारले, "मामा, एका गोळीने एवढा इतिहास बदलतो?" वाद आठवडाभर पुरला.

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकची धडक बसून भलत्याच मुंबईत पोचतात. १८५७ नंतर गाशा गुंडाळलेली ईस्ट इंडिया कंपनी तिथे अजून ठाण मांडून आहे. ग्रंथालयात ते स्वतःच लिहिलेला पाच खंडांचा इतिहास काढून बसतात. चार खंड ओळखीचे निघतात, पाचवा परका.

माझे पहिले उत्तर ठाम 'नाही' असे होते. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे मैदानात उतरले ते उपासमारीने टेकीला येऊन. अडीच महिने छावणीची कोंडी झालेली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची आशाही मावळलेली, शिवाय फौजेबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचा प्रचंड लोंढा. अशा सैन्याचा निकाल गोळीने काय ठरणार?

भाचीने मला कथेतल्या राजेंद्र देशपांडेकडे परत पाठवले. तो गंगाधरपंतांना 'कॅटॅस्ट्रॉफी थिअरी' सांगतो. फ्रेंच गणिती रने तोम यांनी मांडलेला हा सिद्धांत समजायला कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी पुरते. दोन्ही टोकांनी दाबली की ती एका बाजूला बाक घेते. आता मधोमध बोट लावून ढकला. थोडा वेळ काही होत नाही आणि मग टक्‌कन ती दुसऱ्या बाजूला उलटते. न दाबलेल्या पट्टीला तेच बोट लावले तर नुसती जराशी वाकते. उपासमारीने पट्टी दाबून ठेवली होती, गोळी हे बोट. दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता आणि विश्वासराव पडल्यावर फौजेचा धीर सुटला, हे इतिहासातही आहेच. म्हणजे कोंडी आणि गोळी ही एकमेकींविरुद्धची कारणे नव्हेतच. मी माघार घेतली.

पुढच्या मुद्द्यावर मात्र तिने लेखकालाच धरले. इलेक्ट्रॉन कुठे सापडेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून एका विश्वात तो इथे, दुसऱ्यात तिथे, असे राजेंद्र सांगतो. पण बंदुकीची गोळी म्हणजे इलेक्ट्रॉन नव्हे. तिच्यातल्या असंख्य कणांची अनिश्चितता आपल्या डोळ्यांना जाणवण्याइतकी उरत नाही. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली मांडलेली अनेक विश्वांची कल्पना मोठ्या वस्तूंनाही लागू करता येते, हे मी सांगून पाहिले. पण त्या कल्पनेत एकदा फुटलेल्या फांद्या पुन्हा भेटत नाहीत. गंगाधरपंतांचा प्रवास तिथे बसत नाही. ती कथाकाराने घेतलेली सूट.

लहानपणी ओलांडून गेलेला एक परिच्छेद या वेळी मला अडवून बसला. पानिपत जिंकलेले पेशवे पुढे युरोपातले यंत्रयुग ओळखतात, स्वतःची विज्ञानकेंद्रे उभारतात. नंतर त्यांच्यातली धडाडी संपते आणि लोकांनी निवडलेली सभागृहे त्यांची जागा घेतात. दिल्लीचा बादशहा टिकतो, पण शिक्का मारण्यापुरता. विजयाच्या वर्णनापेक्षा नारळीकरांचे लक्ष इथे आहे, असे मला आता वाटते. (त्या जगात सभांना अध्यक्षही नसतो. पंत सवयीने रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि अंडी-टोमॅटो खातात. आपल्याकडच्या अध्यक्षांनी हे पान जरूर वाचावे.)

राजेंद्र पंतांचे आधी ऐकतो ते मनाचे खेळ म्हणूनच. तो गंभीर होतो ते पंत खिशातून भाऊसाहेबांच्या बखरीचे फाटके पान काढतात तेव्हा. त्यावर गोळी चुकल्याची नोंद असते. पदवी नसलेल्या माझ्यासारख्याला हा प्रसंग नवा नाही. एका चर्चासत्रात मला "आपण कुठे शिकवता?" एवढेच विचारून बसवले होते. जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून जुन्या कागदाची छायाप्रत काढली, तेव्हा तेच गृहस्थ चष्मा पुसत जवळ आले.