सेवा म्हणजे जबाबदारी: मोठ्या संस्थांमध्ये ‘एसओए’ कुठे रुजते, कुठे फसते

आजचा विषय आहे सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर, म्हणजे सेवाकेंद्री रचना. बोलताना आपण तिला नुसतं एसओए म्हणू. श्रोत्यांमध्ये सॉफ्टवेअरमधली मंडळी आहेत, तशीच बँकेतली, विम्यातली, सरकारी खात्यांतलीही आहेत. म्हणून तांत्रिक व्याख्या बाजूला ठेवू आणि एका साध्या पत्त्यापासून सुरुवात करू.

अशी एक मोठी बँक डोळ्यांसमोर आणा. बचत खात्याची एक प्रणाली, गृहकर्जाची दुसरी, क्रेडिट कार्डाची तिसरी, डिमॅटची चौथी. प्रत्येक वेगळ्या वर्षी आणि वेगळ्या कंपनीकडून घेतलेली. ग्राहक नाशिकहून पुण्याला राहायला गेला आणि शाखेत जाऊन रीतसर पत्ता बदलून आला. कार्डाचं बिल मात्र नाशिकच्या जुन्या घरी जात राहिलं, मुदत चुकली, दंड बसला. कारण काय? पत्ता 4 ठिकाणी लिहिलेला होता, बदलला एका ठिकाणी. शाखेतल्या माणसाची यात चूक नाही. रचनाच तशी होती.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: प्रणाली एकमेकींना जोडा. पण गणित बघा. प्रत्येक प्रणाली दुसऱ्या प्रत्येकीशी जोडायची तर 4 प्रणालींना 6 जोडण्या लागतात, 10 असतील तर 45 आणि 20 असतील तर 190. शिवाय प्रत्येक जोडणी समोरच्याच्या डेटाबेसमधल्या टेबलांवर अवलंबून. तिकडे कुणी एका रकान्याचं नाव बदललं की इकडे रात्रीची प्रक्रिया बंद पडते, आणि ती का बंद पडली हे शोधण्यात सकाळ होते.

एसओए वेगळं सांगते. ‘ग्राहक माहिती’ ही एकच सेवा करा आणि तिला एक खिडकी ठेवा. पत्ता हवा असेल तर खिडकीवर विचारा, बदलायचा असेल तरी खिडकीवरच सांगा. आतलं कपाट लाकडी आहे की लोखंडी, हे बाहेरच्यांनी बघायचं नाही, आणि कुणीही थेट रेकॉर्ड रूममध्ये शिरायचं नाही. खिडकीवर काय विचारता येईल, उत्तर कोणत्या स्वरूपात आणि किती वेळात मिळेल, याचा एक करार असतो. तांत्रिक भाषेत त्याला इंटरफेस म्हणतात. करार पाळला जातोय तोवर आतलं सगळं बदललं तरी चालतं.

कल्पना इतकी सरळ आहे, तर मग ती इतक्या ठिकाणी फसली का?

एसओए हा शब्द 1996 मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेच्या टिपणांतून पुढे आला. 2000 नंतर सोप, डब्ल्यूएसडीएल अशी मानकं आली आणि त्यांच्यासोबत मोठमोठी उत्पादनंही. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी तर जगभरच्या सेवांची एक सार्वजनिक यादीच चालवली होती. 2006 च्या जानेवारीत ती बंद झाली. 2009 च्या जानेवारीत ॲन थॉमस मेन्स या विश्लेषक बाईंनी एसओए मेल्याचं जाहीर केलं. त्यांचा मुद्दा असा की नाव बदनाम झालंय, सेवांची गरज मात्र कायम आहे.

काय झालं होतं? अनेक संस्थांनी एसओए विकत घेतली. एंटरप्राइज सर्व्हिस बस नावाचं महागडं सॉफ्टवेअर मधोमध बसवलं, सगळे संदेश त्यातून पाठवले, आणि काम झालं असं मानलं. हळूहळू व्यवसायाचे नियमही त्या बसमध्येच जाऊन बसले. मग कुठलाही छोटा बदल करायचा तरी बस सांभाळणाऱ्या टीमच्या दारात रांग. आणि ‘ग्राहकाचा पत्ता कुणाचा?’ या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नव्हतं, कारण त्यासाठी दोन विभागप्रमुखांना एका खोलीत बसवावं लागतं. सॉफ्टवेअर विकत मिळतं हो, जबाबदारी विकत मिळत नाही.

आता एक असं उदाहरण घेऊ जिथे हे जमलं: ॲमेझॉन. 1995 मध्ये पुस्तकांचं दुकान म्हणून सुरू झालेल्या या कंपनीची वेबसाइट आरंभी ‘ओबिडोस’ नावाच्या एका अवाढव्य प्रोग्रामवर चालत होती आणि मागे सगळ्यांचा सामायिक डेटाबेस. 2001 च्या सुमारास ते कोलमडायच्या बेतात आलं, कारण कुणी कुठल्या टेबलाला हात लावला की धक्का भलतीकडेच बसायचा.

स्टीव्ह येगी हे तिथले माजी अभियंता. त्यांनी 2011 मध्ये सांगितलेल्या आठवणीनुसार, 2002 च्या आसपास जेफ बेझोस यांनी हुकूम काढला. प्रत्येक टीमने आपली माहिती सेवेच्या इंटरफेसमधूनच द्यायची. दुसऱ्याच्या डेटाबेसमधून थेट वाचायचं नाही, मागचं दार ठेवायचं नाही. तंत्रज्ञान कोणतं वापरता याच्याशी देणंघेणं नाही. प्रत्येक इंटरफेस उद्या बाहेरच्या जगाला देता येईल असा बांधायचा. जो हे करणार नाही, त्याची नोकरी जाईल.

या हुकमात कुठल्याही उत्पादनाचं नाव नाही, हे लक्षात घ्या. त्यात आहे ती मालकी. पुढे त्यांचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी वर्नर व्होगेल्स यांनी 2006 च्या एका मुलाखतीत त्याची दुसरी बाजू मांडली: जी टीम सेवा बांधते, तीच ती चालवते. म्हणजे रात्री 2 वाजता सेवा बंद पडली तर फोन तिलाच. मुखपृष्ठाचं एक पान तयार करायला शंभराहून अधिक सेवांना हाक मारली जाते, असंही त्यांनी त्याच मुलाखतीत सांगितलं होतं.

शंभर सेवा म्हटलं की ऐकायला छान वाटतं, पण तिची किंमतही मोजू या. समजा एक सेवा 99.9 टक्के वेळ चालू असते. एखाद्या कामाला अशा 10 सेवा लागत असतील आणि त्या सगळ्या चालू असणं आवश्यक असेल, तर ते काम सुमारे 99 टक्के वेळच होईल. 100 सेवा लागत असतील तर जेमतेम 90.5 टक्के. म्हणून एखादी सेवा गप्प झाली तर तिच्यावाचून पुढे कसं जायचं, हे आधीच ठरवावं लागतं. शिफारशींची सेवा बंद असेल तर पान शिफारशींविना दाखवा, विक्री थांबवू नका.

येगींनी आणखी दोन अडचणी सांगितल्या आहेत. तक्रार एका सेवेकडून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे टोलवली जाते आणि मूळ दोष सापडायला वेळ लागतो. शिवाय शेजारचीच टीम नकळत इतक्या विनंत्या पाठवते की आपली सेवा झोपते, म्हणून घरच्यांनाही मर्यादा घालून द्यावी लागते.

तेव्हा छोट्या संस्थेने, जिथे एकच टीम सगळं सांभाळते, या वाटेला जाण्याची घाई करू नये. एकाच छपराखाली शिस्तीत लिहिलेला एक प्रोग्राम पुष्कळ स्वस्त पडतो.

मोठ्या संस्थेने मात्र सुरुवात कुठून करावी? आमचं मत असं की जिथे सगळ्यात जास्त दुखतं, ती एकच माहिती निवडावी. आपल्या उदाहरणात ती ग्राहकाचा पत्ता. तिचा मालक ठरवा, अगदी नावानिशी. करार लिहा. एक प्रणाली त्या खिडकीवर आणा, मग दुसरी. आणि शेवटची प्रणाली आली की जुना थेट रस्ता खरोखर बंद करा. बहुतेक प्रकल्प या शेवटच्या पायरीवर अडतात. नवी खिडकी उघडते, पण मागचं दार ‘तात्पुरतं’ म्हणून उघडंच राहतं. मग एका गोंधळाच्या जागी दोन होतात, आणि खर्चही दोघांचा.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं: “आमच्याकडे कोबॉलमधली फार जुनी प्रणाली आहे. एसओए आणायची तर ती आधी काढून टाकावी लागेल का?”

नाही. उलट तसं करूच नका. जुनी प्रणाली जिथे आहे तिथेच राहू द्या आणि तिच्यापुढे खिडकी बांधा. मग आतला एकेक भाग नव्याने लिहा. खिडकीवर आलेल्या माणसाला तो बदल कळताही कामा नये. मार्टिन फाउलर यांनी 2004 मध्ये या पद्धतीला दुसऱ्या झाडाला वेढत वाढणाऱ्या अंजीरवर्गी झाडाची उपमा दिली. आपल्याकडे वड तसाच दुसऱ्या झाडावर रुजतो, मुळं खाली सोडतो आणि कालांतराने आतलं झाड उरत नाही. याला वर्षं लागतात. पण त्या काळात बँक एक दिवसही बंद ठेवावी लागत नाही. आणि मध्येच पैसे संपले तरी तोवर झालेलं काम वाया जात नाही. फक्त ती कोबॉल प्रणाली जाणणारी माणसं निवृत्त व्हायच्या आत तिचा करार लिहून घ्या. तिच्यात नेमके कोणते नियम दडलेत, हे बऱ्याचदा त्यांनाच ठाऊक असतं.