अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी खिडकी बंद करून पाहा

समजा, दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर, महाराष्ट्र सदनाच्या आसपास एका खोलीत तुम्ही किशोरी आमोणकरांची सीडी ऐकत आहात. १६-बिट सीडीवर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हलक्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. पण खिडकी उघडी असून रहदारीचा गोंगाट खोलीत ५५ डेसिबल असेल, तर तानपुऱ्याचे गुंजन आणि आलापातला हलका श्वास त्यातच बुडतो.

मग वाटते, ५० ऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. इथेच गफलत होते. डेसिबल हे लॉगॅरिदमिक माप आहे. शक्ती दुप्पट केली तरी वाढ जेमतेम ३ डेसिबलची. १० डेसिबल हवे असतील, तर शक्ती दहापट, म्हणजे ५०० वॅट! (शेजारी काय म्हणतील, ते वेगळेच.) याउलट खिडकी घट्ट लावली, तर गोंगाट सुमारे १० डेसिबलने उतरू शकतो, आणि तोही फुकट.

आवाज वाढवून गोंगाटावर मात करू नका. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी. ९४ डेसिबलला उरतो एकच तास.